तुम्ही मूळचे कुठले?

काही वर्षांपूर्वी पुण्यात एका कार्यशाळेला गेलो होतो. जेवणाच्या रांगेत शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी विचारलं, "कुठले तुम्ही?"

"दर्यापूर. अमरावती जिल्हा."

"हो, पण मूळचे?"

"मूळचे पण दर्यापूरचेच."

ते हसले. "तसं नाही हो. म्हणजे पूर्वज वगैरे?" आणि मग, "मराठी फार छान बोलता तुम्ही."

मराठी लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या प्रत्येक मुसलमानाला हा संवाद तोंडपाठ असतो. प्रश्न विचारणारा वाईट माणूस असतो असंही नाही. त्याला खरंच कुतूहल असतं. पण उत्तर देऊन देऊन आपण थकतो. मी तर उत्तरांचा साठाच करून ठेवला होता. वऱ्हाडात इमादशाही होती, अचलपूर तिची राजधानी होती आणि तिचा संस्थापक फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क जन्मानं ब्राह्मण होता, हे एक उत्तर. भारतातल्या मुसलमानांच्या जनुकांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक मुसलमान जनुकीयदृष्ट्या आपल्या शेजारच्या बिगरमुस्लिमांच्याच जवळचे निघाले, हे दुसरं उत्तर. आणि तिसरं, सगळ्यात पक्कं: दादांच्या नावाचा सातबारा. २०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्वाच्या कायद्यावरून देश ढवळून निघाला, तेव्हा आमच्या मोहल्ल्यात घरोघरी जुने कागद बाहेर निघाले. मीही तहसीलमधून जुने उतारे काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवले. खारपाणपट्ट्यातलं नऊ एकर वावर. विहिरीचं पाणी खारट, म्हणून सगळी भिस्त पावसावर. पण कागदावर दादांचं नाव स्वच्छ होतं.

आज या सातबाऱ्याबद्दलच लिहायचं आहे. पण तिथपर्यंत मी पुस्तकांच्या आणि अभ्यासकांच्या वाटेनं पोचलो, म्हणून आधी ती वाट.

मानववंशशास्त्राची नवी पुस्तकं विकत घेणं आपल्या आवाक्यातलं नाही. परदेशी विद्यापीठांच्या एकेका पुस्तकाची किंमत काही हजार रुपये असते. पण त्याच पुस्तकांच्या लेखकांच्या तासभराच्या मुलाखती मोबाइलवर फुकट ऐकता येतात. ज्यानं पुस्तक खरोखर वाचलंय असा एक जण लेखकाला निवांत प्रश्न विचारतो: या विषयाकडे कसे आलात, त्या गावात पहिल्यांदा कोणी घरात घेतलं, कुठे चुकलात. मला हा शेवटचा प्रश्न सर्वांत आवडतो. दर्यापूर–अमरावती एसटीत खिडकीशी बसून मी अशा कितीतरी मुलाखती ऐकल्या. इंग्रजी सगळं कळत नाही. थांबवून, मागे नेऊन पुन्हा ऐकतो.

त्यातच इरावती कर्व्यांवरच्या 'इरू' या चरित्राच्या लेखकांना ऐकलं. २०२४ साली आलेलं हे पुस्तक दोघांनी मिळून लिहिलंय: इरावतीबाईंची नात ऊर्मिला देशपांडे आणि जर्मनीत काम करणारे मानववंशशास्त्रज्ञ थिआगो पिंटो बार्बोसा. आपल्याला इरावतीबाई माहीत असतात त्या 'युगान्त'मुळे. पण त्यांची सुरुवात बर्लिनमध्ये कवट्या मोजण्यापासून झाली. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. पुढे नाझींच्या वंशविचाराला ज्यांनी शास्त्राचा आधार पुरवला, त्यांतले हे एक मोठं नाव. गोऱ्या युरोपियनांची कवटी इतरांपेक्षा वेगळ्या प्रकारे असमान असते आणि त्यांच्या बुद्धीचा संबंध त्याच्याशी आहे, अशी त्यांची धारणा. ती तपासायचं काम इरावतीबाईंना मिळालं. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहून टाकलं की वंशावरून असा काही फरक सापडत नाही. पंचविशीतली बाई, परका देश आणि समोर एवढा बडा प्राध्यापक. आकडे जे सांगत होते तेच त्यांनी लिहिलं.

ही गोष्ट ऐकली तेव्हा मला पुण्यातली जेवणाची रांग आठवली. 'मूळचे कुठले' हा प्रश्न एके काळी कवटीला पट्टी लावून विचारला जायचा.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्यावर इरावतीबाई नात्यांकडे वळल्या. १९५३ च्या त्यांच्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात भारताचे चार विभाग आहेत: उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. महाराष्ट्र मध्य विभागात येतो. इथं अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा चालत नाही, चुलत्याची तर बहीणच. आमच्या घरात यातलं सगळंच चालतं. माझे अम्मी-अब्बा एकमेकांचे खालाजाद, म्हणजे मावस भाऊ-बहीण. शाळेत मित्रांना हे कळलं तेव्हा एकानं विचारलं होतं, "भावा-बहिणीचं लगन कसं होते बे तुमच्यात?" त्याचा स्वतःचा बाप मामाच्या पोरीचा नवरा होता. ते त्याला विचित्र वाटत नव्हतं. इरावतीबाईंच्या ग्रंथात अशा प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. उरलेलं निम्मं, म्हणजे मुसलमान घरातली नाती, त्यांच्या मांडणीत फारशी येत नाहीत. त्यांचा रोख हिंदू समाजावर होता.

ते निम्मं शोधताना लीला दुबे सापडल्या. मराठी घरातल्या. नागपूर विद्यापीठात गोंड स्त्रियांवर त्यांनी प्रबंध केला. नंतर त्या लक्षद्वीपच्या कल्पेनी बेटाकडे वळल्या. तिथले लोक पक्के मुसलमान, नमाज-रोजा सगळं. पण घराणं चालतं आईकडून. घर आणि माड आईकडून मुलींकडे जातात. नवरा रात्री बायकोच्या घरी येतो आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परततो. १९६९ सालच्या त्यांच्या पुस्तकात मुख्य प्रश्न हाच आहे: हा इस्लाम आणि ही मातृवंशीय रीत, दोन्ही एकत्र नांदतात कसे? लीलाबाईंचं उत्तर साधं आहे. लोक रोज थोडं इकडे, थोडं तिकडे करत जुळवून घेतात. हे वाचून मी खूश झालो. मुसलमान म्हणजे एकच साचा नव्हे हे सांगायला आणखी एक पुरावा मिळाला. इस्टेटीचा जो भाग त्यात होता, तो मी वाचला आणि पुढे गेलो.

याच सुमारास दर्यापुरात पीएच.डी. करणारी एक मुलगी आली. खारपाणपट्ट्यातल्या बायकांची गाणी हा तिचा विषय. ओळखीतून माझा नंबर मिळाला होता. मराठी घरातली, बोलायला मोकळी. तिच्याकडून मला रिचर्ड ईटन यांच्या अभ्यासाबद्दल कळलं. विजापूरच्या सूफींवर संशोधन करताना त्यांना दखनी 'चक्कीनामे' सापडले. दळताना बायकांनी म्हणायची गाणी. जात्याचा दांडा म्हणजे अलिफ, दळता दळता अल्लाहचं नाव घ्यायचं, अशी रचना. दख्खनच्या खेड्यापाड्यांत इस्लाम पोचला त्यात या गाण्यांचा मोठा वाटा आहे, असं ईटन यांचं म्हणणं. आणि दुसरीकडे हेमा राइरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रभरातून जमवलेल्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या. आज त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, आणि त्यांत मुसलमान बायकांच्याही ओव्या आहेत.

"तुमच्या घरात कोणी म्हणायचं का?" तिनं विचारलं.

म्हणायची ना. माझी फुफू. दोन गल्ल्या सोडून लेकाकडे राहते. वय पंच्याहत्तरच्या पुढे.

एका दुपारी आम्ही गेलो. मुलीनं आधी तिचा कागद काढला. नाव, वय, धर्म, मातृभाषा. मातृभाषेपाशी फुफू अडली.

"घर में तो अपनी बोली. और वावर में वऱ्हाडी. बेटा, वावर में पराटी वेचते कौन उर्दू बोलता?"

मुलगी हसली आणि दोन्ही लिहिलं. कागदावर जागा एकाच भाषेपुरती होती, तिनं समासात लिहिलं.

मग फुफू गायली. आधी नको-नको म्हणाली, आवाज राहिला नाही म्हणाली. पण एकदा सुरू झाल्यावर डोळे मिटले आणि उजवा हात गुडघ्यावर गोल फिरू लागला, जातं समोर असल्यासारखा. शुद्ध वऱ्हाडी ओवी. बहीण सणाला वाट बघतेय, लांबवर धुरळा उठलाय, भाऊ बैलगाडी घेऊन येतोय. प्रत्येक ओवीत भावाचं नाव. माझ्या अब्बांचं नाव. मी ते नाव ओवीत कधी ऐकलं नव्हतं. अंगावर काटा आला.

तेवढ्यात तिचा नातू मगरिबच्या आधी घरी आला. जमातीत जाणारा, सरळ मुलगा. दारातच थांबला. "दादी, ये गाना-वाना कायकू?" एवढंच म्हणाला आणि आत निघून गेला. फुफू गप्प झाली. थोड्या वेळानं मुलीला म्हणाली, "बेटा, वो मिटा दे."

मुलीनं एकदाच विचारलं, "नक्की ना, आजी?" फुफूनं मान हलवली. मुलीनं तिच्यासमोर रेकॉर्डिंग पुसलं आणि फोन तिच्या हातात देऊन दाखवलं की काही उरलेलं नाही.

मी आतून पेटलो होतो. संध्याकाळी आम्ही दोघं बनोसा स्टेशनाकडे चालत गेलो. तिला शकुंतलेचे रूळ बघायचे होते. रुळांत गवत वाढलं होतं. मी तावातावानं बोलत होतो. बघा, हेच ते. तब्लीगवाल्या पोरांनी घरातला लोकइस्लाम संपवला. इम्तियाज अहमद यांनी १९८१ साली मुसलमानांच्या स्थानिक रीतिरिवाजांवर ग्रंथ संपादित केला. त्यावर फ्रान्सिस रॉबिन्सन म्हणाले की हे रिवाज हळूहळू ग्रंथातल्या इस्लामपुढे मागे पडत जातात. बघा, आज आपण ते डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या लेखाचा मजकूरच माझ्या तोंडून बाहेर पडत होता.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, आमच्या गाइड सांगतात की पहिल्या दिवशी सापडलेलं कारण वहीत लिहायचं, प्रबंधात नाही. तिसऱ्यांदा गेल्यावर बघायचं, टिकतं का."

"पण तो काय म्हणाला ते तुम्ही ऐकलंत ना?"

"तो काय म्हणाला ते ऐकलं. आजी काय म्हणाल्या ते अजून नाही ऐकलं. त्या फक्त पुसून टाक म्हणाल्या. तुम्ही विचारा ना. तुम्ही घरचे."

"घरच्यालाच विचारता येत नाही," मी म्हणालो.

ती दोन दिवसांनी गेली. मी तो लेख लिहायला घेतला आणि अडलो. तीन आठवड्यांनी फुफूकडे गेलो. नातू घरीच होता, आजीच्या पायाला तेल चोळत होता. मला बघून त्यानं चहा ठेवला. तो आत गेल्यावर मी विचारलं, "फुफू, उस दिन इसके डर से मिटाया क्या?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं शाळेत वेडगळ उत्तर दिल्यावर बघतात.

"इसके डर से? इसको तो मैंने पाला. अरे, तेरे बाप का नाम आ गया मुंह से. वो मशीन में कायको रहना?"

मग तिनं सांगितलं. सलग नाही, मध्ये पाणी पीत, मध्ये विषय बदलत. दादा वारले तेव्हा वारस दोघंच होते, अब्बा आणि ती. नऊ एकरात सहा अब्बांचे आणि तीन तिचे. २०१२ साली अब्बा तिला तहसीलला घेऊन गेले आणि तिनं हक्कसोडपत्रावर सही केली. जबरदस्ती नव्हती. सगळ्या बहिणी करतात. भावाकडून वावर घेतलं तर माहेरचं दार बंद होतं, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. त्याच हिवाळ्यात फुफा आजारी पडले. ती भावाकडे पैसे मागायला आली. त्या वर्षी कापूस हातचा गेला होता, अब्बा नाही म्हणाले. कदाचित खरंच नव्हते. पण दारात उभ्या उभ्या नाही म्हणाले. आत ये म्हणाले नाहीत.

"वावर दिया था रे मैंने, दरवाजे के वास्ते," फुफू म्हणाली. "दरवाजा भी नहीं रहा."

त्यानंतर नऊ वर्षं, अब्बांच्या मयतीच्या दिवसापर्यंत, ती आमच्या घरी आली नाही. मला वाटायचं गुडघ्यांमुळे येत नाही. मी तिला कधी विचारलं नाही.

बीना अगरवाल यांचं १९९४ सालचं पुस्तक दक्षिण आशियातल्या बायका आणि जमीन यांच्यावर आहे. बहिणी हक्क का सोडतात, भावाच्या आधाराची किंमत म्हणून जमीन कशी जाते, हे त्यात तपशिलानं आहे. मला ते पाठ होतं. लोकांना समजावून सांगत असे. १९३७ च्या शरियत कायद्याच्या कलम २ मधून शेतजमीन वगळलेली आहे, हेही मी चर्चांमध्ये सांगायचो, मुसलमान बायकांवर अन्याय कसा होतो त्याचं उदाहरण म्हणून. सूरह निसामध्ये मुलीचा वाटा ठरवून दिलाय. भावाच्या निम्मा, पण ठरवून दिलेला. तो द्यायचा की नाही हे भावाच्या मर्जीवर ठेवलेलं नाही. आमच्या घरात पाच वेळची नमाज होती. वाटा मात्र गावाच्या रिवाजानं झाला. शेजारच्या पाटलाच्या घरात झाला असता तसाच. त्या बाबतीत आम्ही पुरेपूर इथले मूळचे होतो.

घरी येऊन नवा सातबारा ऑनलाइन काढला. दादांच्या नावाला कंस, फुफूच्या नावाला कंस, बाजूला फेरफार क्रमांक. खाली आम्हा दोघा भावांची आणि अम्मीची नावं. २०१९ साली जुने उतारे काढले तेव्हा मी फक्त दादांचं नाव शोधत होतो. आपण इथलेच आहोत याचा जो पुरावा मी पिशवीत जपून ठेवला होता, त्याच गटाच्या उताऱ्यावर फुफू कंसात होती.

आणि आणखी एक नाव कंसात होतं. माझ्या आपाचं. अब्बांनंतर वारसनोंद झाली, मग गेल्या वर्षी आपानं सही केली. तहसीलबाहेरच्या टपरीवरून चहा मीच आणला होता. ती म्हणाली, "साखर कमी आहे," आणि आम्ही हसलो होतो. लीला दुबे तेव्हा वाचून झाल्या होत्या. बीना अगरवालही.

ते लेखक मुलाखतीत 'कुठे चुकलात' या प्रश्नावर थोडा वेळ थांबतात. पूर्वी मला तो त्यांचा विनय वाटायचा.

भाईजानशी बोललो. ते म्हणाले, "कागद झालेला आहे. फुफूनं मागितलंय का?" नाही मागितलं. "मग तू कायको जुनं उकरतो?" ते वाईट माणूस नाहीत. त्यांच्या दोन मुली आहेत, कर्ज आहे, आणि खारपाणपट्ट्यातल्या कोरडवाहू एकरात किती पिकतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी सांगितलं की माझ्या हिश्श्यातून मी सुरुवात करतो. तीन एकर होणार नाही, जेवढं होईल तेवढं. ते गप्प राहिले. अजून गप्पच आहेत.

आपाला फोन केला. ती म्हणाली, "मैंने मांगा क्या?"

"नहीं."

"फिर?"

मी काही बोललो नाही. ती म्हणाली, "ईद को आती. तब बैठके बोलेंगे. फोन पे नको."

त्या पीएच.डी.वाल्या मुलीलाही कळवलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा हे वेगळं निघालं, असं ती म्हणाली. पण हे प्रबंधात घालायचं असेल तर ती स्वतः येऊन फुफूला विचारेल, माझ्या सांगण्यावर घालणार नाही. मला आधी थोडं लागलं. मग पटलं.

हा लेख छापण्याआधी मी फुफूसमोर बसून वाचला. मराठीतून वाचला, मध्ये मध्ये आपल्या बोलीत सांगितला. नातूही ऐकत होता. स्वतःचं वाक्य आल्यावर तो ओशाळला आणि म्हणाला, "मैं तो वैसे ही बोला था." वावराचं, तहसीलचं, दारातलं सगळं राहू दे म्हणाली. भाचीचं नाव लिहू नको म्हणाली, म्हणून आपाचं नाव नाही. फुफाच्या आजारपणातलं एक वाक्य तिनं काढायला लावलं, ते काढलं.

"और ओवी?" मी विचारलं. मला ती जवळपास पाठ झाली आहे.

"वो नको," फुफू म्हणाली. "वो तेरे बाप की है."

म्हणून ती इथं नाही.